दोन झेंडू, एक पौंड

परदेशी निघालेल्या माणसाला हार घालण्याची आपल्याकडे फार घाई असते. खरं तर तो तिकडे जाऊन काय करून आला हे पाहावं, थोडा विचार करावा आणि मग घालावासा वाटला तर हार घालावा. पण परत आलेल्या माणसाकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. तो स्टेशनावर उतरतो, टांगा करतो आणि मुकाट घरी जातो. सत्कार जाणाऱ्याचा. साठच्या दशकात आमच्या वऱ्हाडात तर एखाद्याने पासपोर्टचा फोटो काढला की वर्गणीची पावतीपुस्तकं छापायला जायची.

हे मी अधिकाराने सांगतो, कारण त्या काळी अकोल्याहून परदेशी जाणारा जवळजवळ प्रत्येक माणूस माझ्या टेबलावरून जायचा. आमच्या बँकेच्या शाखेचा ‘परकीय चलन विभाग’ म्हणजे मी. खिडकीजवळ एक टेबल, एक कुलपाचं कपाट आणि वर टांगलेली पाटी. पाटी टेबलापेक्षा मोठी होती. एरवी मी कापसाच्या निर्यातीचे कागद तपासत बसे. पण कोणी परदेशी निघालं की विभागाला तरतरी यायची, आणि इतर टेबलांवरचे लोक पाणी प्यायच्या निमित्ताने माझ्या बाजूला फेऱ्या मारायचे.

माझी नात आता खिशात एक कार्ड टाकून सिंगापूरला जाऊन येते. तिला मी त्या काळच्या गोष्टी सांगितल्या की ती माझ्याकडे, मी समुद्र पोहून गेलो होतो, अशा नजरेने पाहते. वास्तविक मी कधी परदेशी गेलो नाही. मी फक्त लोकांना पाठवलं. तेव्हा किती पैसे न्यायचे हे प्रवाशाने ठरवायचं नसे, सरकारने ठरवायचं असे. मुंबईहून परवाना यायचा, पासपोर्टावर शिक्का बसायचा, आणि पैसे द्यायचे ते बहुतेक नोटांत नव्हे तर ट्रॅव्हलर्स चेकमध्ये. हा चेक म्हणजे नोटेएवढा, छान नक्षीचा कागद. त्यावर पौंडाचा आकडा छापलेला आणि सहीच्या दोन जागा. पहिली सही घेताना माझ्यासमोर करायची. दुसरी तिकडे वटवताना, तिथल्या कॅशियरसमोर. दोन्ही सह्या जुळल्या तर पैसे. म्हणून तो चोराच्या कामाचा नाही आणि हरवला तरी भरून मिळतो. सगळी मेख एवढीच की पहिली सही स्वच्छ हवी आणि दुसरी जागा कोरी हवी.

हे समजावून सांगायला मला दोन मिनिटं लागत. पण समजलं असं म्हणणारा माणूस आणि समजलेला माणूस यांत फरक असतो. तिवशाकडचे एक पाटील संत्र्यांच्या बागा पाहायला एका मंडळाबरोबर इटलीला निघाले होते. माझ्यासमोर सह्या करून चेक घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी हसतमुखाने परत आले. पाहतो तर प्रत्येक चेकवर दोन्ही जागी सही.

“पाटील, हे काय केलं?”

“काय केलं? पुरं केलं.”

“दुसरी सही तिकडे करायची होती.”

“तुमी म्हनले ते आयकलं मी. पन तिथं जाऊन बागा पाहू का सह्या करत बसू? आन अर्धवट काम मले जमत नाई, साहेब. माह्या बापालेही जमत नवतं.”

ते सगळे चेक रद्द करून नवे द्यायला माझा आठवडा गेला. पाटलांनी नवे चेक घेतले खरे, पण कोरी जागा पाहून त्यांना शेवटपर्यंत अस्वस्थ वाटत होतं. रोप न लावता सोडलेल्या खड्ड्याकडे पाहावं तसे ते तिच्याकडे पाहत होते.

नातीच्या कार्डासारख्याच एका कार्डाची गोष्ट पुढची, माझी अमरावतीला बदली झाल्यानंतरची. रिद्धपूरला महानुभावांच्या पोथ्या पाहायला एक अमेरिकन अभ्यासक आला होता. अमरावतीच्या एका खाणावळीत तो पोटभर जेवला आणि पैशांऐवजी त्याने एक कार्ड पुढे केलं. मालकाला आनंद झाला. गल्ल्यामागच्या आरशाच्या चौकटीत त्याने फिरत्या विक्रेत्यांची कार्डं खोचून ठेवली होती, तिथे सगळ्यांच्या मधोमध त्याने हे खोचलं आणि स्वतःच्या खाणावळीचं छापील कार्ड अमेरिकनाला दिलं. नमस्कार झाले. अमेरिकन उभाच. अखेर कोणीतरी त्याला माझ्याकडे आणून सोडलं आणि मी त्याला घेऊन खाणावळीत गेलो.

“त्याईनं प्रेमानं देल्लं, मी प्रेमानं ठेवलं,” मालक म्हणाला. “देल्लेलं वापस कोन मांगते?”

मी सांगितलं की हे कार्ड दाखवलं की पैसे नंतर येतात, अमेरिकेहून.

त्याने चौकटीतून कार्ड काढून माझ्या हातात ठेवलं. “साहेब, माह्याकडं अजून नागपूरचे पैसे येऊन राहिले नाईत.”

मी अमेरिकनाचा एक ट्रॅव्हलर्स चेक वटवून दिला आणि प्रश्न मिटला. खाणावळीचं कार्ड मात्र त्याने जपून पाकिटात ठेवलं. ते त्याने अमेरिकेत कुठे दाखवलं असेल तर मला कल्पना नाही.

आता हाराची गोष्ट.

सुलोचना अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात नर्स होती. जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या पलीकडे राहायची. वडील किसनबा जिनिंग फॅक्टरीत रुईच्या गाठी बांधायच्या कामावर होते. छप्पन साली हे सगळं घर बौद्ध झालं, आणि त्यानंतर किसनबांनी पोरीचं शिक्षण हा एकच विषय धरून ठेवला होता. तिला इंग्लंडच्या एका दवाखान्यात वरच्या शिक्षणासाठी जागा मिळाली. त्या वस्तीतून बोटीने परदेशी जाणारी ती पहिलीच.

ती माझ्याकडे आली तेव्हा तिचे प्रश्न ठरलेले होते आणि उत्तर मिळालं की ती पुढच्यावर जायची.

“सही मराठीत चालते काय, साहेब?”

“चालते. तिकडच्या कॅशियरला ती वाचायची नसते, ताडून पाहायची असते. दोन्ही वेळी सारखी आली म्हणजे झालं.”

“मंग मराठीतच करतो. इंग्रजीत माही सही दर डावाले येगळी येते.”

मी तिला लहान रकमेचे चेक घ्यायला सांगितलं. मोठा वटवला तर परक्या गावात हातात रोख रक्कम घेऊन फिरावं लागतं. लहान असला तर लागेल तेवढाच मोडायचा. सल्ला योग्य होता. त्यामुळे चेकांची संख्या चांगली भरली आणि एका हाराला पुरेल इतकी झाली, हे मला तेव्हा सुचायचं काही कारण नव्हतं. बँकेची दौत बाजूला सारून तिने स्वतःच्या पेनने, निळ्या शाईने सह्या केल्या. नर्सबाईंना ती शाई आवडते, कारण ऍप्रनवर सांडली तर धुण्यात निघून जाते.

वस्तीने तिला निरोप दिला तो एका सकाळी, विहाराच्या अंगणात. बुद्धवंदना झाली, चहा झाला आणि बायांनी विणलेला एक जाड स्वेटर तिला दिला. कोणी भाषण केलं नाही. मी पाहिलेला हा एकमेव समंजस सत्कार, आणि म्हणूनच तो शहराला पुरेसा वाटला नाही.

शहराला म्हणजे भाऊसाहेबांना. अकोल्यात तेव्हा ज्या ज्या समितीला अध्यक्ष लागे तिचे भाऊसाहेब अध्यक्ष असत. उंच, गोरे, काठाचं उपरणं. आवाज असा की लाऊडस्पीकर लाजावा. मोर्णेपलीकडच्या त्या वस्तीत ते निवडणुकीखेरीज गेल्याचं कोणाला आठवत नव्हतं. पण मुलगी विलायतेला जाते म्हटल्यावर त्यांनी ‘नागरी सत्कार समिती’ स्थापन केली, आणि दिवस ठरवला तो बरोबर ती निघायच्या आदल्या संध्याकाळचा. दुसऱ्या दिवशी दुपारी तिची मुंबईची गाडी होती. मग एक दिवस मुंबईत, आणि नंतर बोट.

माझ्या मॅनेजरसाहेबांना निमंत्रण होतं. त्यांना सत्कारांचा दांडगा अनुभव असल्याने त्यांनी मला पाठवलं. मी पुढच्या रांगेत बसलो. स्वागतगीत झालं. प्रास्ताविक झालं. परिचय झाला, त्यात सुलोचनेविषयी दोन वाक्यं होती, बाकी समितीविषयी. सुलोचना मधल्या खुर्चीत पांढरं पातळ नेसून ताठ बसली होती. इंजेक्शनची वाट पाहणारा पेशंट असतो तशी. किसनबा स्टेजच्या कडेला, कोऱ्या धोतरात.

मग भाऊसाहेब उठले. “नोटांचा हार कोनीही घालते,” ते म्हणाले. “लग्नात घालते, इलेक्शनात घालते. आपन आज आपल्या लेकीले पौंडाचा हार घालून राहिलो. असा हार अकोल्यात काय, लंडनातही कोनी घातला नसंल.”

त्या संध्याकाळी बोललं गेलेलं हे एकमेव खरं वाक्य.

ताटावरचा रुमाल निघाला. दोन झेंडू, एक पौंड, दोन झेंडू, एक पौंड, मधे बेगडीचे तुरे. मी सुलोचनेला दिलेले चेक टाचण्यांनी दोऱ्याला टाचले होते. टाळ्यांचा कडकडाट झाला. बँड वाजला. हार सुलोचनेच्या गळ्यात पडला आणि तिने मान खाली घालून पाहिलं, की आपल्या गळ्यात आपलंच इंग्लंड लटकतं आहे.

मला घाम फुटला तो टाचण्यांमुळे नाही. टाचणीचं भोक भरून निघत नसलं तरी त्याने फारसं बिघडत नाही. मला दिसत होता तो स्टेजच्या डाव्या टोकाला गुलाबदाणी घेऊन उभा असलेला माणूस, आणि त्याच्यामागे गुलालाचं ताट घेतलेला दुसरा. पाणी लागलं की ती निळी शाई पसरणार. पहिली सही गेली की चेक गेला. तिकडचा कॅशियर कशाशी ताडून पाहणार? परवाना एकदाच मिळतो, तो वापरून झाला होता. एखाददुसरा चेक मुंबईची कचेरी बदलून देते, पण सगळेच गेले तर बदली चेक लंडनहून यायचे आणि महिना जाणार. बोट तोवर थांबणार नव्हती, आणि तिच्या दवाखान्यातली जागाही थांबणार नव्हती. यादीतली पुढची मुलगी आत जाणार होती.

गुलाबदाणीवाल्याने अध्यक्षांपासून सुरुवात केली. त्याचा हात सढळ होता. दोन खुर्च्या पलीकडे शिंपडलेलं सुलोचनेपर्यंत पोचलं, आणि हाराच्या खालच्या टोकाचे दोन चेक चमकले.

मी स्टेजवर कसा गेलो ते मला आठवत नाही. पायऱ्या उजव्या बाजूला होत्या आणि मी समोरून चढलो असं नंतर लोकांनी सांगितलं. भाऊसाहेबांना वाटलं मला बोलायचं आहे.

“बँकेचे मॅनेजरसाहेब दोन शब्द बोलतीन,” ते म्हणाले. मला ही बढती त्यांनी दिली. बँकेने ती पुढे बरीच वर्षं मान्य केली नाही.

माझ्यासमोर मायक्रोफोन होता. आयुष्यभर मी ज्या वस्तूची टिंगल केली तिच्यासमोर मी उभा होतो. हे चेक खराब होताहेत, हार काढा, असं सरळ सांगावं असं मनात आलं. पण भाऊसाहेबांची कल्पना चुकली असं चारचौघांत म्हटलं असतं तर त्यांनी आधी आपली बाजू मांडली असती, आणि त्यांची बाजू मांडून होईपर्यंत गुलाबदाणी दोनदा भरली गेली असती. अशा माणसाला थांबवायचा एकच मार्ग असतो. त्याला आणखी मोठा मान द्यायचा.

“नागरिकहो,” मी म्हणालो, आणि माझाच आवाज मला भाऊसाहेबांसारखा ऐकू आला. “परकीय चलनाचा हार घालणं सोपं आहे. तो उतरवणं हा विधी आहे.”

गुलाबदाणी हवेत थांबली.

“हा विधी पुरा होईपर्यंत पाणी आणि रंग वर्ज्य असतात.”

गुलालाचं ताट मागे सरकलं. मला धीर आला.

“हार उतरवण्याचा मान शहरातल्या सर्वांत ज्येष्ठ, सर्वांत प्रतिष्ठित नागरिकाचा.”

“म्हंजे कोनाचा?” भाऊसाहेबांनी विचारलं, पण ते उभे राहिले होते.

मी त्यांच्याकडे पाहून नुसती मान झुकवली. ते पुढे आले.

“हात कोरडे लागतात,” मी हळूच म्हणालो. त्यांनी सुलोचनेला दिलेल्या शालीलाच हात पुसले.

“ताट चांदीचं हवं.”

समितीत कुजबुज झाली. “स्टीलचं चालते काय?”

“या वेळेपुरतं चालेल.”

मी खुर्चीजवळ वाकलो तेव्हा सुलोचना ओठ न हलवता म्हणाली, “साहेब, हे खरं हाये काय?”

“नाही. हलू नका.”

“हलून नाई राहिली. खालचे दोन गेले.”

“दिसले मला. बाकीचे वाचवू.”

भाऊसाहेबांनी हार दोन्ही हातांनी, काचेचा असावा तसा उचलला. त्यांच्यात एक गुण होता. समारंभ म्हटला की ते कमालीचे काळजीपूर्वक वागत. एकही चेक दुमडला नाही. हार ताटात उतरला. पुढच्या रांगेतला कोणीतरी पाय अवघडले म्हणून उभा राहिला, त्याला पाहून सगळी सभा उभी राहिली, आणि सभा उभी राहिलेली पाहून बँडवाल्यांनी आपली वेळ आली असं समजून एक लग्नातली धून सुरू केली. त्या धुनीवर भाऊसाहेब ताट घेऊन, एकेक पाऊल टाकत, मी नेमून दिलेल्या जागेपर्यंत चालत आले. ती जागा म्हणजे पडद्यामागचं टेबल. इतका गंभीर आणि इतका निरर्थक प्रसंग मी त्यापूर्वी पाहिला नव्हता, आणि तो मीच रचला होता.

मग ते भाषणाला परत गेले. गुलाबपाणी आणि गुलाल यांना मोकळीक मिळाली. सुलोचना गुलाबी झाली, पण तिला धुता येण्यासारखी होती.

समारंभ संपल्यावर पडद्यामागे तिने स्वतः टाचण्या काढल्या. जखमेतली काच काढावी तशी एकेक, घाई न करता. मी टीपकागद दाबत होतो. वरचे सगळे शाबूत निघाले. नंबर ठीक, सही ठीक, प्रत्येकाच्या कोपऱ्यात एक भोक. खालच्या दोघांवर सहीच्या जागी निळा ढग होता. आणि सगळ्यांना, कोरड्यांनासुद्धा, गुलाबाचा घमघमाट.

किसनबा खांबाला टेकून उभे होते. चेक त्यांनीच ट्रंकेतून काढून दिले होते. लोकांना विलायती पैसा कसा असतो ते दाखवू, असा भाऊसाहेबांचा निरोप आला होता.

“बा, मले इचारायचं तरी,” सुलोचना म्हणाली.

“इचारलं असतं तं तू नाई म्हनली असती.” किसनबांनी धोतराचा सोगा हातात गुंडाळला. “ज्या मानसानं मले कधी खुर्ची देल्ली नाई त्यानं स्टेजवर बसवलं. म्या म्हटलं, दाखवायलेच तं मांगून राहिला.” मग माझ्याकडे वळून, “साहेब, पोरीचं जानं थांबते काय?”

मी खरं तेच सांगितलं. इथून निघायला अडचण नाही. पण मुंबईला चेकच्या कंपनीच्या कचेरीत जाऊन दोन खराब चेक बदलून घ्यावे लागतील. तिथल्या साहेबाला भोकं पाहून सगळेच चेक फाटके वाटले तर तो सगळेच ठेवून घेईल, आणि मग बोट चुकेल. मी खुलाशाचं पत्र देतो.

ते पत्र लिहिणं हे माझ्या नोकरीतलं सर्वांत कठीण काम. ‘सदर धनादेश धारकाच्या गळ्यात घालण्यात आले असता’ असं लिहिलं आणि वाचून पाहिलं. खोडलं. ‘सार्वजनिक सन्मानाच्या प्रसंगी धनादेशांची माळ करण्यात आली’ असं लिहिलं. तेही वेड्यासारखंच वाटत होतं, पण खरं होतं. शेवटी बँकेचा शिक्का जरा जोरात मारला.

ती दुसऱ्या दिवशी गेली. पुढचे दिवस मी कापसाचे कागद तपासत होतो आणि त्यांत काय लिहिलं होतं ते मला आजही सांगता येणार नाही. मग एका सकाळी किसनबा बँकेत आले, चपला दाराबाहेर काढून. मी कितीदा सांगितलं तरी ते बँकेत चपला घालून येत नसत. त्यांनी माझ्या टेबलावर बर्फीचा पुडा ठेवला.

“जहाज सुटलं, साहेब. हाये ती त्याच्यात.”

एवढंच म्हणून गेले. पाणी प्यायला उठलेल्या सगळ्या टेबलांना मी बर्फी वाटली.

मुंबईत काय झालं ते मला कळलं पुष्कळ पुढे. दशक संपत आलं होतं, मी अमरावतीला होतो, टेबल तेच आणि पाटी आणखी मोठी. एक बाई समोर येऊन बसल्या. केस आखूड, हातात घड्याळ, चालण्यात दवाखान्याची शिस्त. अमरावतीच्या दवाखान्यात मेट्रन म्हणून आल्या होत्या. त्यांनी तोंड उघडलं आणि जुनं शहर बाहेर आलं.

“काय साहेब, ओयखलं नाई काय? हार उतरवून देल्ला होता तुमी.”

मी आधी मुंबईचं विचारलं.

“तो साहेब तुमचं पत्र घडीघडी वाचून राहिला,” सुलोचना म्हणाली. “मंग म्हने, गळ्यात म्हंजे काय? चेक गळ्यात कसा घालतात? म्या लय सांगितलं. त्याले समजेच ना. मंग त्याच्याच टेबलावरचा सुतळीचा तुकडा घेतला, त्याच्याच टाचण्या घेतल्या, खराब झालेले दोन्ही चेक टाचले, आन देल्ले त्याच्या गळ्यात टाकून. म्हटलं, साहेब, असं.”

“मग?”

“मंग काय. हासला. तसाच बसून सही केली त्यानं. शिपाई चाय घेऊन आला तं कप पडला त्याच्या हातातला.”

नवे दोन चेक तिथल्या तिथे मिळाले, आणि भोकांविषयी त्या साहेबाने पुढे एक शब्द काढला नाही.

इंग्लंडात तिच्या दवाखान्याजवळ एक लहान बँक होती. तिथला कॅशियर म्हातारा होता. पहिल्या खेपेस त्याने चेक उजेडात धरला आणि विचारलं, की हे भोक कसलं आणि हा वास कसला. तिने सांगितलं की आमच्याकडे जाणाऱ्या माणसाच्या गळ्यात पैसे घालतात आणि वरून गुलाबपाणी शिंपडतात. म्हाताऱ्याने हे शेजारच्या खिडकीला सांगितलं, तिने तिच्या शेजारच्या खिडकीला. तेव्हापासून सुलोचना बँकेत गेली की तो आधी चेक नाकाशी धरायचा, डोळे मिटायचा आणि मग सही ताडून पाहायचा. बाहेर धुकं, बर्फ, आणि आत हा म्हातारा अकोल्याचं गुलाबपाणी हुंगतो आहे.

“शेवटचा घेऊन गेली तं घेतला नाई त्यानं,” ती म्हणाली. “म्हने, हा ठेव. मी रिटायर होऊन राहिलो, आन माह्या जागी येनाऱ्याले बारा महिने सर्दी असते.”

तिने पर्स उघडून तो चेक माझ्यापुढे ठेवला. कोपऱ्यातल्या भोकाभोवती गंजाचा तांबूस डाग होता. ट्रॅव्हलर्स चेकला मुदत नसते; वर्षं गेली म्हणून तो मरत नाही. बाजूच्या बाकावर किसनबा बसले होते, पांढरे झालेले, पायांत चपला घालून. ही मुलीची कामगिरी असावी.

भाऊसाहेबांचं तिने विचारलं. मी सांगितलं, की अकोल्यात आता कोणीही परदेशी निघालं की त्याला हार घालतात आणि मग ‘हार उतरवण्याचा विधी’ करतात. निमंत्रणपत्रिकेत छापतात. ताट आता चांदीचं असतं. आयुष्यभर समारंभांना नाकं मुरडलेल्या माणसाने एका शहराला एक समारंभ जादा देऊन ठेवला, ही खंत मी अजून बाळगून आहे. ती इतकी हसली की रांगेतल्या लोकांनी माना वळवल्या.

मग तिने पेन काढलं आणि माझ्यासमोर दुसऱ्या जागी सही केली. मराठीत. नियमाप्रमाणे मी आता दोन्ही सह्या ताडून पाहायच्या होत्या.

मी चेक उचलला आणि नाकाशी धरला.

“साहेब,” किसनबा बाकावरून म्हणाले, “पह्यले सही पाहा. नियम हाये न तुमचा.”

मी सही पाहिली. जुळत होती.